राणीनं न मारलेली उडी

तो आयुष्यभर दगड घडवत आला होता आणि माणसांकडेही दगडाकडे बघावं तसंच बघायचा. आधी एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं, आणि शेवटी नाक मुरडून. कामावरचे सोबती त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की कललीय हे तपासायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याला दोरी लागत नसे. रस्त्यानं जाता जाता एखाद्या नव्याकोऱ्या इमारतीकडे नजर टाकून तो म्हणायचा, "दोन सूत बाहेर आहे," आणि मोजायला गेलं की दोन सूतच निघायचं. हे कसब त्यानं भिंतींपुरतं ठेवलं असतं तर चार लोक त्याच्या वाऱ्याला उभे राहिले असते. पण व्याह्यांचं बोलणं, शेजाऱ्याचा मुलगा, डॉक्टरांचं अक्षर, बायकोच्या बहिणीनं घेतलेलं कपाट, सगळ्यात त्याला काही ना काही सूत बाहेर दिसायचं. आणि दिसलं की तोंडावर सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही.

छातीत दगडाची धूळ बसली म्हणून डॉक्टरांनी त्याची छिन्नी-हातोडी बंद केली, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो खिडकीत बसून समोर चाललेल्या बांधकामाचा उद्धार करत असे. गवंडी कामचुकार, इंजिनीयर पोरगेला, सिमेंटमध्ये वाळूच जास्त. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्यांना ऐकू जात नाही आणि मला ऐकायचं नाही." तेवढ्यापुरता तो गप्प बसायचा.

त्याच्या पासष्टाव्या वाढदिवसाला जावयानं त्याला एक पाकीट दिलं. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस सरळ, जरा जास्तच हौशी. पाकिटात चार तिकिटं होती. कुठल्याशा कंपनीची सहल होती, ‘एका दिवसात अख्खं शहर, पायी’. चौदा ठिकाणं, नऊ तास, सोबत जाणकार माहितगार. ओळंब्यानं तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. पंचेचाळीस वर्षं ज्या शहराच्या भिंतींना तो लटकत आला, ते शहर आता त्याला एक परका माणूस नऊ तासांत दाखवणार होता. म्हशीला पोहायला शिकवायला मास्तर ठेवलाय, असं काहीतरी तो बोलणारच होता, पण मुलीनं डोळे वटारले.

"बाबा, एक दिवस," ती म्हणाली. "एक दिवस कुणाला काही म्हणायचं नाही. मला वचन द्या."

त्यानं वचन दिलं. त्या मुलीपुढे त्याचं काही चालत नसे.

बायको मात्र यायला तयार झाली नाही. पाय सुजतात, म्हणाली. पाय काही सुजत नव्हते. तिकिटामागे ठिकाणांची यादी छापली होती आणि त्यात नवव्या क्रमांकावर जुना राजवाडा होता. एकोणतीस वर्षांपूर्वी राजवाड्याची डागडुजी चालली असताना तिचा धाकटा भाऊ तिथं परांचीवरून पडून गेला होता. तोही पाथरवटच, ओळंब्याच्याच हाताखाली तयार झालेला. तेव्हापासून ती शहराच्या त्या भागाकडे फिरकली नव्हती. बसही तिकडून जाणारी असली तर दुसरी धरायची. मुलगी त्या वेळी दोन वर्षांची होती. मामा कामावर पडून गेला एवढं तिला ठाऊक होतं. कुठं, कसा, हे घरात कुणी काढलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. ओळंब्यालाही यादी बघून सहल नको झाली होती. पण जावयानं मोठ्या हौसेनं आणलेलं, नाही कसं म्हणणार? राजवाड्यात आपण बाहेर बाकावर बसून राहू, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी आठ वाजता चौकातल्या कारंज्यापाशी सगळे जमले. वीसेक माणसं. बहुतेकांच्या पायात कोरे पांढरे बूट, जणू शहर बघायचं नसून शर्यत जिंकायची होती. माहितगार तिशीतला, गोरागोमटा, गोड बोलणारा. कमरेला छोटा लाऊडस्पीकर आणि हातात पिवळी छत्री. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. माणसं हरवू नयेत म्हणून ती छत्री उंच धरायची. ओळंब्यानं त्याचं नाव विचारलंही नाही. मनातल्या मनात छत्रीवाला म्हणून मोकळा झाला.

छत्रीवाल्यानं कारंज्यापासूनच सुरुवात केली. हे पाणी म्हणे टेकडीवरच्या एका झऱ्यातून शतकानुशतकं आपोआप येतं, आणि कसं येतं याचं कोडं आजवर एकाही इंजिनीयरला सुटलेलं नाही. लोकांनी ‘अरे वा’ म्हणून माना डोलावल्या. कारंज्यामागं दहा पावलांवर एक हिरवी टपरीवजा खोली होती आणि तिच्यात पंप घरघरत होता. इतका मोठ्यानं घरघरत होता, की छत्रीवाल्याला स्पीकरचा आवाज वाढवावा लागला. वीस जणांपैकी एकानंही मान वळवून तिकडे पाहिलं नाही. ओळंब्यानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं त्याचा दंड घट्ट धरला.

दुसरं ठिकाण झालं, तिसरं झालं. प्रत्येक ठिकाणी तेच. छत्रीवाला थांबायचा, एक राजा मारायचा किंवा एक राणी रडवायची, दोन मिनिटं फोटोला द्यायचा आणि छत्री वर करून चालू लागायचा. लोक इमारतीकडे पाठ करून उभे राहायचे, स्वतःचे फोटो काढायचे, आणि इमारत बघायची राहूनच जायची. एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. ते तर इमारतीपर्यंत पोचतच नव्हतं. नवरा बायकोचा फोटो काढायचा, तिला पसंत पडायचा नाही, परत काढायचा, तोवर छत्री पुढं गेलेली. एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या छत्रीवाल्याचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेत होत्या, जसं काही संध्याकाळी पेपर होता. आणि जावई मनगटावरच्या यंत्रात बघून दर थोड्या वेळानं पावलं जाहीर करत होता. "साडेसहा हजार झाली, बाबा." ओळंब्याला सांगावंसं वाटलं, की अरे, पाठीवर दगड घेऊन मी जेवढी पावलं चढलो ती मोजायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. पण वचन आठवून तो म्हणाला, "हो का? छान."

मग नगरभवनाचा दरवाजा आला. दोन्ही बाजूंना दोन दगडी सिंह.

"हे सिंह चारशे वर्षांचे आहेत," छत्रीवाला म्हणाला, "आणि डावीकडच्या सिंहाच्या चेहऱ्यावरचा तो राजेशाही रुबाब बघा. असा कारागीर आता जन्माला येणं नाही."

डावीकडचा सिंह ओळंब्यानं घडवला होता. सव्वीस वर्षांपूर्वी, पावणेचार आठवड्यांत. मूळचा सिंह ऊनपावसानं इतका झिजला होता, की तो सिंह आहे की बसलेला उंट हे कळेना. नवा करायचा तर समोर नमुना हवा. उजवीकडच्या सिंहाचंही तोंड झिजलेलं, आणि खरा सिंह कुणी पाहिलेला? तेव्हा त्यानं समोर बसणाऱ्या मुकादमाचाच चेहरा घेतला. गाल ओघळलेले, भुवया जड, तोंड असं की आत्ताच कुणावर तरी ओरडून झालंय आणि दुसरं गिऱ्हाईक शोधतंय. मुकादमाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. सगळे पाथरवट मात्र सिंहाजवळून जाताना रामराम करायचे आणि तो आपल्यालाच समजून मुकादम उगाच खूश व्हायचा.

आणि आता वीस माणसं त्या मुकादमाच्या रुबाबाकडे तोंड वर करून बघत होती. शिक्षिकाबाईंनी ‘राजेशाही’ शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. ओळंब्याला हसू आवरेना. त्यानं रुमाल तोंडाला लावला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

दुपारी एका बागेत सगळ्यांनी आपापले डबे उघडले. शिक्षिकाबाई नेमक्या ओळंब्याच्या बाकावर येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, की तुम्ही सिंहापाशी हसलात का. वचन मोडायचं नव्हतं. पण विचारलेल्याला उत्तर देणं म्हणजे काही कुणाला नावं ठेवणं नव्हे, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि मुकादमाची गोष्ट सांगून टाकली. बाई ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. शेवटी म्हणाल्या, "असं कसं? मी तर चारशे वर्षं असं लिहून घेतलंय." जणू एकदा वहीत उतरलं की दगडानंही वय वाढवून घ्यायला हवं होतं.

छत्रीवाल्यानं पलीकडून ऐकलं होतं. तो हसत जवळ आला. "काका, प्रत्येक ग्रुपमध्ये एक गवंडी असतोच. मागच्या आठवड्यात एकांनी घड्याळाचा मनोरा आपल्या आजोबांनी बांधल्याचं सांगितलं."

चारदोन जण हसले. ओळंब्याला राग खोटं ठरवल्याचा आला नाही तेवढा गवंडी म्हटल्याचा आला. गवंडी विटा रचतो. दगड घडवणारा पाथरवट. पण मुलगी कावरीबावरी झाली होती आणि जावई उगाच डब्याचं झाकण पुसत बसला होता. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि राग पाण्याबरोबर गिळून टाकला.

राजवाड्याशी पोचेपर्यंत तीन वाजून गेले. ओळंबा ठरवल्याप्रमाणे बाहेरच्या बाकाकडे वळला. मुलीला वाटलं, बाबांचा अपमान झाला म्हणून रुसलेत. ती परत आली, हात धरून म्हणाली, "बाबा, एवढं एक चला, मग आपण घरी जाऊ." काय सांगणार तिला? तो उठला आणि एकोणतीस वर्षांनी त्या फाटकातून आत गेला.

आतलं अंगण तसंच होतं. फरशी थोडी जास्त गुळगुळीत झाली होती, कोपऱ्यात तिकिटाची खिडकी आली होती. वरती पहिल्या मजल्यावर दगडी सज्जा. सज्ज्याच्या बरोबर खाली, अंगणाच्या फरशीवर ताटाएवढा तांबूस डाग, आणि त्याच्याभोवती साखळी लावलेली. साखळी नवी होती.

छत्रीवाला तिथं थांबला. त्यानं आवाज खाली आणला. त्यावरूनच कळत होतं, की दिवसभरातला त्याचा सगळ्यात भारी माल आता बाहेर निघणार. या सज्ज्यावर म्हणे एक राणी रोज संध्याकाळी उभी राहायची आणि खाली अंगणात दरबारातला एक वादक तिच्यासाठी वाजवायचा. राजाला कळलं. वादकाला वेशीबाहेर घालवलं. राणीनं त्याच रात्री सज्ज्यावरून उडी टाकली. "आणि हे," त्यानं छत्रीचं टोक डागाकडे रोखलं, "हे तिचं रक्त. कितीही धुवा, जात नाही. प्रेमिकांनी या डागावर हात ठेवला, तर त्यांची ताटातूट होत नाही असं म्हणतात."

हे कोण म्हणतं ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. लगेच रांग लागली. नवं जोडपं सर्वांत पुढं. साखळीवरून वाकून त्यांनी डागावर तळवे टेकवले, फोटो पसंत पडला नाही, परत टेकवले. मग आणखी एक जोडी. मग जावयानं बायकोला हाक मारली, आणि ओळंब्याची मुलगी हसत हसत पुढं झाली, गुडघ्यावर बसली आणि तिनं त्या डागावर हात ठेवला.

"ऊठ तिथनं," ओळंबा म्हणाला.

तो ओरडला नव्हता. पण अंगण दगडी होतं, आवाज घुमला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ते रक्त नाही, रंग आहे. लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात तो तांबडा रंग. तुझ्या मामाच्या हातात डबा होता." त्यानं सज्ज्यावरून बोट खाली डागाकडे आणलं. "तो इथं पडला."

मुलीनं हात उचलला. तळव्याकडे पाहिलं, मग वर सज्ज्याकडे, मग बापाकडे.

मग त्यानं सांगितलं. बाकीचे ऐकतात की नाही याची त्याला पर्वा नव्हती. तो मुलीला सांगत होता. सज्ज्याखालचे आधाराचे दगड बदलायचं काम होतं. त्यातल्या मधल्या दगडावर एक मोठं पान कोरायचं होतं आणि ते मामाकडे दिलं होतं, कारण पानं त्याच्याइतकी चांगली कुणाला जमत नसत. दुपारी तो आत बसवायच्या लोखंडी कांबीला रंग लावायला वर चढला. परांचीच्या दोरांपैकी एक कुजलेला होता. फळी सरकली. आधी डबा पडला आणि फुटला, पाठोपाठ तो. रक्तही सांडलं होतं, पण ते दोन बादल्यांत धुऊन गेलं. रंग गेला नाही. चार माणसांनी दोन दिवस घासला, तरी गेला नाही.

इथपर्यंत तो सरळ बोलला. पुढचं वाक्य त्यानं एकोणतीस वर्षांत कुणापुढं उच्चारलं नव्हतं, बायकोपुढंही नाही.

"परांची कललेली मला सकाळीच दिसली होती," तो म्हणाला. "मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, दुपारनंतर बघू. मी एकदा सांगितलं आणि गप्प बसलो. अख्ख्या जगाला त्यांच्या चुका दहादा सांगतो मी. त्या दिवशी एकदाच सांगितलं."

पंपासारखा नुसता छत्रीवाल्याचा स्पीकर घरघरत होता. तो बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं. मग नव्या नवरीनं हळूच विचारलं, "म्हणजे राणीनं उडी मारलीच नाही?"

ओळंब्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिचा नवरा दोन पावलं मागं सरला. "बाई, इथं राणी राहिलीच नाही. कर गोळा करणाऱ्या अंमलदाराची ही कचेरी. जुने नकाशे आम्हाला दाखवले होते, वरच्या सज्ज्यावर उभं राहून शिपाई थकबाकीदारांची नावं पुकारायचा. त्याच्यासाठी कुणी वाजवत नसावं."

तिचा चेहरा पडला. माणूस मेल्याचं ऐकून पडला नव्हता तेवढा राणी गेल्यावर पडला. मागून एकानं कुजबुजत तक्रार केली, की आपण चार घटका मजेसाठी आलो, हे काय मध्येच. दुसरा घड्याळ दाखवत म्हणाला, की अजून पाच ठिकाणं राहिलीत. दिलेल्या पैशांत नऊ तास आणि चौदा ठिकाणं त्यांना पुरी मोजून घ्यायची होती. छत्रीवाला तेवढा जवळ आला आणि खरोखरच ओशाळून म्हणाला, "काका, मला माहीत नव्हतं. आम्हाला कागद छापून देतात, आम्ही तो पाठ करतो. खरं सांगायला गेलो तर लोक पाच मिनिटं थांबत नाहीत." आणि इकडे तिकडे बघून, वेळ फार झाला हे मनाशी पटवून, त्यानं छत्री वर केली. माणसं छत्रीमागून गेली. साखळीपाशी तिघंच उरली.

जावई खाली मान घालून उभा होता. त्या बिचाऱ्याला वाटत होतं, की वाढदिवसाची भेट म्हणून आपण हे काय आणलं. ओळंब्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असं त्यानं लग्नातही केलं नव्हतं.

मुलीनं विचारलं, "मामानं कोरलेलं पान कुठाय?"

त्यानं बोट दाखवलं. मधला दगड. पान अर्धं झालं होतं तेव्हा मामा गेला. उरलेलं अर्धं ओळंब्यानं पुरं केलं. मधल्या शिरेच्या डाव्या बाजूचं मामाचं, उजव्या बाजूचं त्याचं. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, की मला तर काही फरक दिसत नाही. "बघायची सवय लागते," तो म्हणाला. डाव्या बाजूचं पान वाऱ्यानं उलटल्यासारखं वळलं होतं. उजव्या बाजूचं नीट होतं, मापात होतं, आणि दगडाचं होतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. काहीही न वगळता, सकाळी कललेली परांची दिसल्याची गोष्टसुद्धा. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या आठवड्यात तुम्ही झोपेत बडबडायचात. दुपारनंतर नाही, आत्ता बघा, आत्ता बघा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. जगातलं सगळं बोलता तुम्ही."

त्यानं फडकं घेऊन एक ताट पुसायला घेतलं. मग तिनं विचारलं, की भावाचं काम अजून आहे का. आहे, तो म्हणाला. कसं दिसतं? "माझ्यापेक्षा बरं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून कुणाच्याही कामाला बरं म्हटलेलं तिनं चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं.

जावयानं कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीचं गुळगुळीत उत्तर आलं, की आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो आणि कथा हा सहलीच्या अनुभवाचा अविभाज्य भाग आहे. सोबत पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट. ओळंब्यानं ते पत्र स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून घातलं. तिथं ते बरोबर बसलं.

दोनेक महिन्यांनी शिक्षिकाबाईंचा फोन आला, नंबर त्यांनी कंपनीकडून मिळवला होता. त्या आपल्या भाचीला घेऊन पुन्हा त्याच सहलीला गेल्या होत्या, वही घेऊन. राजवाड्यातली गोष्ट बदललीय, म्हणाल्या. काय बदललीय हे त्या फोनवर सांगेनात. स्वतः जाऊन ऐका, म्हणाल्या. ओळंबा दोन दिवस धुसफुसत राहिला. तिसऱ्या दिवशी बायको पायात चपला अडकवून दारात उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."

ती दोघं तीनच्या सुमारास अंगणात जाऊन खांबाआड उभी राहिली. पिवळी छत्री आली. मागं वीस नवी माणसं, वीस जोड कोरे बूट. छत्रीवाल्यानं आवाज खाली आणला. वादक बाद झाला होता. आता म्हणे सज्जा बांधणारा एक देखणा पाथरवट होता. त्याचं राणीवर प्रेम जडलं. रोज तो परांचीवरून तिला दगडाचं एकेक पान कोरून द्यायचा. राजानं दोर कापवला. पाथरवट खाली पडला, राणीनं मागोमाग उडी घेतली, आणि दोघांचं रक्त एकत्र सांडून हा डाग पडला. रांग लागली. आधीपेक्षा मोठी.

ओळंब्याच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. तो खांबाआडून निघणार, तेवढ्यात त्याला शेजारी विचित्र आवाज आला. त्याला वाटलं, बायको रडतेय. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"देखणा?" ती म्हणाली. "अहो, तो आमच्या शेजारच्या मुलींसमोर मान वर करायचा नाही. राणी समोर आली असती तर हातोडी टाकून पळाला असता." आणि परत हसू लागली, इतकी की तिला खांबाला टेकावं लागलं. भावाबद्दल बोलताना हसलेली ती त्याला आठवतच नव्हती. छत्रीवाल्यानं आवाज ऐकून इकडे पाहिलं, ओळंब्याला ओळखलं, आणि सगळ्यांना घाईघाईनं पुढच्या ठिकाणाकडे हाकलत नेलं. पळपुटा. ओळंब्यानं त्याला जाऊ दिलं. तसल्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे भुश्शावर हातोडी मारायची.

अंगण रिकामं झालं. बायको डोळे पुसत सज्ज्याखाली येऊन उभी राहिली. डागाकडे तिनं एकदाच पाहिलं. मग मान वर करून पानाकडे बघत राहिली, इतका वेळ, की त्याला वाटलं तिची मान अवघडेल.

"मुलगी म्हणाली, अर्धं त्याचं आणि अर्धं तुमचं," ती म्हणाली. "सांगू नका, मी ओळखते." तिनं हात उंचावून उजवी बाजू दाखवली. "हे त्याचं. किती नेटकं आहे बघा. लहानपणी वहीत रेघाही अशाच मारायचा, पट्टी लावल्यासारख्या."

ओळंब्यानं वर पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तेच."

तिकिटाच्या खिडकीशेजारी चहा मिळत होता. तो पाणचट होता आणि कप नीट धुतलेले नव्हते, हे त्यानं चहावाल्याला ऐकवलं. मग दोघंही चहा पिऊन बसनं घरी आली.